जिवाचे ५० लाख, दिवसाचे ३३ रुपये

आज बोलतोय चुडाव्यातून, आपल्या पूर्णा तालुक्यातून. विषय सरळ आहे: संकटात जादा काम करणाऱ्याला जादा पैसे मिळतात का?

कोरोना आठवा. पुण्या-मुंबईहून गावात कोण आलं, कुणाला ताप आहे, कुणाला दवाखान्यात न्यायचं, हे बघत दारोदार कोण फिरलं? आशाताई. साधारण हजार लोकसंख्येमागं एक. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम आली, तेव्हाही ऑक्सिमीटर घेऊन घरोघरी त्याच गेल्या.

आता हिशोब बघा. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारनं कोविड ड्युटीवरच्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचा विमा जाहीर केला. त्यात आशाताईही होत्या, चांगलंच झालं. पण जिवंतपणी कोविड कामाचा प्रोत्साहन भत्ता किती? महिन्याला १,००० रुपये, म्हणजे दिवसाला ३३!

म्हणून १५ जून २०२१ पासून राज्यातल्या जवळपास ७० हजार आशा संपावर गेल्या. आठवडाभरानं तोडगा निघाला: मानधनात १,००० रुपये वाढ, वर ५०० रुपये कोविड भत्ता. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या आशांचा गौरवही केला. पण गौरवानं किराणा येत नाही ना!

काहीजण म्हणतील, सरकारी माणसानं संकटात काम करायलाच पाहिजे. बरोबर आहे. तलाठी, पोलीस, नर्स यांनाही रात्र-रात्र जागावं लागतं. पण त्यांना निदान ठरलेला पगार आहे. आशाताई कागदावर ‘स्वयंसेविका’. म्हणजे हुकूम सोडताना त्या कर्मचारी, आणि पैसे देताना सेवाभावी. खरी गोम इथंच आहे.

मला वाटतं, जादा कामाचा दर संकट यायच्या आधीच ठरला पाहिजे. रोजचा भत्ता किती, मास्क-हातमोजे कोण देणार, पैसे किती दिवसांत खात्यावर येणार, हे लेखी हवं. कायम कर्मचाऱ्यांना बदली रजा मिळावी. ऐन साथीत संप करावा लागला, तर हाल गावाचेच होतात.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यानं महापूर बघितला. संकट काही कोरोनाबरोबर संपलं नाही. तेव्हा पुढच्या ग्रामसभेत एवढंच विचारा: आपल्या आशाताईंचा भत्ता थकलाय का? आणि उत्तर काय मिळालं, ते आम्हाला व्हॉइस मेसेज करून सांगा.

भेटू पुढच्या भागात. राम राम!