शाळेतील प्रार्थना आणि आपली मुले

(कर्जत व खालापूर तालुक्यांतील बौद्ध पालकांपुढे केलेले भाषण)



आज मला जो विषय मांडावयाचा आहे, तो सभासंमेलनांत फारसा निघत नाही. परंतु कर्जत, नेरळ, खोपोली, खालापूर या भागांतील आपल्या अनेक घरांत तो आहे. आपल्यापैकी कित्येकजण पोटाला चिमटा घेऊन मुलांना ख्रिस्ती संस्थांच्या इंग्रजी शाळांत घालतात. तेथे दिवसाचा आरंभ प्रार्थनेने होतो. मूल घरी येऊन आईस विचारते, "देवाने हे जग सहा दिवसांत निर्माण केले, असे बाई सांगतात. मग आपण त्या देवाला का मानत नाही?" आई गप्प बसते. काही बोलावे, तर शाळेत पोरावर रोष होईल, अशी तिला धास्ती असते.

प्रथम एक गोष्ट मोकळ्या मनाने मान्य केली पाहिजे. ज्या काळी गावच्या शाळेची पायरी आपल्या वाडवडिलांना वर्ज्य होती, त्या काळी मिशनच्या अनेक शाळांनी त्यांना अक्षरओळख करून दिली. महात्मा जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. तेथील विद्या त्यांनी घेतली, परंतु ते ख्रिस्ती झाले नाहीत. १८४८ साली त्यांनी मुलींची शाळा काढली व १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापिला. तेव्हा मिशनच्या शाळेत गेल्याने मूल हातचे जाते, ही समजूत निराधार आहे. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी मुलांना विद्या-शिल्प शिकविणे हे मातापित्यांचे कर्तव्य सांगितले आहे. चांगली शाळा केवळ प्रार्थनेच्या भयाने सोडणे हे त्या कर्तव्याला धरून होणार नाही.

परंतु कृतज्ञता म्हणजे शरणागती नव्हे. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत या प्रश्नाची चर्चा झाली, तेव्हा परमपूज्य बाबासाहेबांनी सरकारी शाळांतील धर्मशिक्षणाला स्पष्ट विरोध केला. या देशात धर्म व पंथ अनेक, आणि प्रत्येकाला आपलाच मार्ग खरा वाटतो. मग शाळेने कोणता शिकवावा, ही अडचण त्यांनी दाखवून दिली. त्या चर्चेतून आलेले संविधानाचे २८ वे कलम प्रत्येक पालकाने माहीत करून घ्यावे. संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. आणि जी शाळा सरकारमान्य आहे किंवा सरकारी अनुदान घेते, तेथे धर्मशिक्षणाला वा उपासनेला हजर राहण्याची सक्ती अज्ञान मुलावर पालकाच्या संमतीवाचून करता येत नाही. ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा चालविण्याचा हक्क दिला आहे, म्हणून हे संरक्षण नष्ट होत नाही. संमती हा शब्द मात्र महत्त्वाचा. ती प्रवेशअर्जातील एखाद्या ओळीतही असू शकते. सही करण्यापूर्वी अर्ज वाचा. वाचता येत नसेल, तर वाचून घ्या.

केरळातील तीन भावंडे यहोवाचे साक्षी या ख्रिस्ती पंथाची होती. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, परंतु श्रद्धेच्या कारणास्तव गात नसत. १९८५ साली त्यांना शाळेतून काढण्यात आले. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली. पुढे नाशिकच्या एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेत हात जोडण्यास नकार दिला. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. एका ख्रिस्ती कुटुंबाने मिळविलेला न्याय आज आपल्या पोरांच्याही कामी येतो, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता थोडा विवेक. धर्माविषयी माहिती देणे निराळे आणि उपासना करावयास लावणे निराळे. सर्वोच्च न्यायालयानेही २००२ साली हा भेद मान्य केला. येशूचे चरित्र ऐकल्याने आपल्या मुलाचे काही बिघडत नाही. नाताळच्या नाटकात मेंढपाळ होऊन कोणाचा बाप्तिस्मा होत नाही! आणि ख्रिस्ती प्रार्थनेवर संतापणारे आपलेच काही गृहस्थ जिल्हा परिषदेच्या शाळेतील सरस्वतीपूजनाला मुकाट नारळ देतात, त्याचे काय? गौरी-गणपतीची उपासना न करण्याची प्रतिज्ञा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास घेतली गेली. तो नियम सोयीप्रमाणे वाकविता येणार नाही.

मुलाच्या प्रश्नाला उत्तर दिलेच पाहिजे. "बाई खोटे बोलतात" असे म्हणू नये. "पुष्कळ लोक तसे मानतात, आपण मानत नाही, आणि का मानत नाही ते बसून बोलू," असे सांगावे. ईश्वरावरील श्रद्धा हा धम्माचा भाग नाही, हे बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सविस्तर मांडले आहे. ते प्रकरण आईवडिलांनी आधी स्वतः वाचावे.

शाळेशी बोलणे हे पालकांचे काम आहे. सात वर्षांच्या पोराला एकट्याने वर्गात हात खाली ठेवावयास सांगून आपण घरी बसू नये. आधी वर्गशिक्षिकेस भेटावे. तेवढ्याने न भागल्यास मुख्याध्यापकांना साध्या मराठीत पत्र द्यावे: आमचे मूल प्रार्थनेच्या वेळी शांत उभे राहील, हात जोडणार नाही, प्रार्थना म्हणणार नाही, २८ व्या कलमानुसार आमची संमती नाही. एकाच शाळेत आपली तीन-चार घरे असतील, तर सर्वांनी मिळून सह्या कराव्या. पत्राच्या प्रतीवर शाळेची पोच घ्यावी आणि ती प्रत जपून ठेवावी.

जयभीम!