परवाना नोकरीचा की माणसाचा?

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा संपादित भाग)





आपल्यापैकी बरेचजण नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून बंगळूरला आलो. येताना घर शोधावे लागले, मुलांच्या शाळा शोधाव्या लागल्या, थोडेफार कन्नड शिकावे लागले. पण काम करण्याचा परवाना कोणी मागितला नाही. देशात कुठेही राहण्याचा आणि व्यवसाय करण्याचा हक्क घटनेच्या १९व्या कलमाने आपल्याला दिला आहे. एक नोकरी सुटली तर दुसरी मिळेपर्यंत आपण इथेच राहतो. परदेशात हे गृहीत धरता येत नाही. दर गणपतीत दोन-तीन तरुण मला ऑफर लेटर दाखवतात आणि विचारतात, "काका, पगार बरा आहे ना?" परवाना कसला आहे, हे कोणीच विचारत नाही.

मीही विचारले नव्हते. २००७ साली मी एच-१बी व्हिसावर अमेरिकेत गेलो. सौ.ने इथल्या शाळेतली कायम नोकरी सोडली. तिला मिळालेल्या एच-४ व्हिसावर काम करण्याची परवानगी नव्हती. २००९च्या मंदीत कंपनीने मला बोलावून दोन आठवड्यांची नोटीस दिली. एच-१बी हा कंपनीच्या अर्जावर मिळतो. नोकरी संपली की तिथे राहण्याचा आधारही संपतो. दुसरी कंपनी अर्ज करायला तयार असेल तर नोकरी बदलता येते, पण त्या दिवसांत माणसे घेत होते कोण? त्या वेळी नियमात सवलतीचे दिवसही नव्हते. मुलगी दुसरीत होती. गाडी मिळेल त्या किमतीला विकली, सामान शेजाऱ्यांना दिले आणि नोटीस संपायच्या आत परत आलो. मला इथे नोकरी मिळाली. सौ.ची शाळेतली जागा मात्र केव्हाच भरली गेली होती.

त्यानंतर नियम थोडे सैल झाले. २०१५ पासून एच-४वरील काही जोडीदारांना काम करता येऊ लागले, तेही मुख्य व्हिसाधारकाचे ग्रीन कार्डाचे काम ठराविक टप्प्यापर्यंत पोचले असेल तरच. २०१७ पासून नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत मिळते. पण गाठ अजून कंपनीशीच बांधलेली आहे.

सगळीकडे असे नाही. जर्मनीचे ब्लू कार्ड पाहा. पहिले १२ महिने नोकरी बदलताना परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवावे लागते आणि अटी बसत नसतील तर ते नकार देऊ शकते. पुढे बरीच मोकळीक मिळते. जर्मन भाषा बी-१ पातळीपर्यंत शिकलात तर २१ महिन्यांत कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. ए-१वर थांबलात तर २७ महिने लागतात. जोडीदारालाही काम करता येते. जून २०२४ पासून तिथे चान्सनकार्ट नावाचा परवानाही सुरू झाला. हातात नोकरी नसताना वर्षभर तिथे राहून ती शोधायची आणि तोवर आठवड्याला २० तास काम करायचे. मात्र राहण्याचा खर्च आपल्याकडे आहे, हे आधी सिद्ध करावे लागते.

सिंगापूरमध्ये पर्सनलाइज्ड एम्प्लॉयमेंट पास माणसाच्या नावावर मिळतो, कंपनीच्या नाही. नोकरी नसतानाही सहा महिने राहता येते. पण तो ३ वर्षांचा असतो, त्याचे नूतनीकरण होत नाही आणि सप्टेंबर २०२३ पासून त्यासाठी दरमहा किमान २२,५०० सिंगापूर डॉलर पगाराची अट आहे. म्हणजे मोकळीक आहे, पण ज्याला तिची गरज सर्वांत कमी त्यालाच!

कॅनडात शिक्षण पूर्ण केलेल्या पात्र विद्यार्थ्यांना जास्तीत जास्त ३ वर्षांचा खुला परवाना मिळतो. कोणत्याही मालकाकडे काम करता येते. आयुष्यात तो एकदाच मिळतो, म्हणून कोणता अभ्यासक्रम घेतो ते पाहून घ्यावे. तिथे जोडीदारांनाही सहज खुला परवाना मिळत असे. जानेवारी २०२५ पासून तो ठराविक व्यवसायांतल्या लोकांच्या जोडीदारांपुरता राहिला. नियम असे बदलतात. म्हणून एजंटाच्या किंवा माझ्याही शब्दावर विसंबू नका. त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर त्या दिवशीचा नियम स्वतः वाचा.

मंडळी, सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. नोकरी गेली तर किती दिवस राहता येईल? नोकरी बदलायला कोणाची परवानगी लागेल? आणि जोडीदाराला काम करता येईल का? पहिली दोन उत्तरे वाईट असली तरी जायला हरकत नाही. मग सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवून जा. तिसरे उत्तर "नाही" असेल, तर मात्र आधी घरात बसून बोला. राजीनामा देण्याऐवजी बिनपगारी रजा मिळते का, तेही विचारा.

आम्ही ते बोललो नव्हतो. सौ.ने मला आजवर त्याबद्दल एका शब्दाने ऐकवले नाही, पण आज ती समोर बसली आहे म्हणून सर्वांसमक्ष सांगतो. तेव्हा विचारायला हवे होते, ते माझे चुकले.