कडी कोणी हलवली?

मी शिरूर अनंतपाळहून बोलतेय.

माझ्या लेकीला कॉलेजसाठी पाच मिनिटांचा थरारपट करायचा होता, मोबाईलवरच. "आई, रात्री शेतात शूटिंगला जावं लागंल," ती म्हणाली. मी सरळ नाही म्हणाले. दोन दिवस पोरगी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी तिनं सांगितलं, नागराज मंजुळेंनी अहमदनगरला शिकत असताना 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. शाळेसाठी आसुसलेल्या पोराची गोष्ट. ५८व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याचा सन्मान झाला. म्हणजे हे खूळ नव्हतं, शिक्षण होतं.

मग मी विचारलं, "तुला नेमकं दाखवायचंय काय?"

"घरात एकटी पोरगी, अन् दाराबाहेर कोणीतरी."

"मग शेत कशाला पाहिजे?"

भर दुपारी खिडक्यांना घोंगड्या लावून आम्ही घरातच रात्र केली. उजेड एका बॅटरीचा. वाळल्या तुराट्यांवर चालून पावलांचा आवाज वेगळा टिपला. बाहेरचा माणूस दाखवलाच नाही. दिसला की भीती सरते. दिसते ती फक्त हलणारी कडी. ती बाहेरून मीच हलवली!

बचत गटाच्या बैठकीत सिनेमा लावला, तर मागून एकजण ओरडली, "दार उघडू नको गं!" लेकीचे डोळे भरून आले.

बायांनो, लेकीला नाही म्हणण्याआधी एवढंच विचारा, "तुला दाखवायचंय काय?" वाट घरातच सापडंल.