स्थैर्याचे माप कोणाच्या हाती?



एखाद्या देशाची राज्यसंस्था किती भक्कम आहे आणि किती तकलादू, हे आकड्यांत सांगण्याची विद्या गेल्या तीन दशकांत चांगलीच फोफावली आहे. दरवर्षी याद्या प्रसिद्ध होतात, देशांना क्रमांक मिळतात आणि वृत्तपत्रे ते क्रमांक शालान्त परीक्षेच्या निकालासारखे छापतात. परीक्षक कोण, प्रश्नपत्रिका कोणी काढली आणि नापास ठरलेल्याचे पुढे काय होते, हे मात्र क्वचितच विचारले जाते. समाजवादी चळवळीतील कार्यकर्त्याने ते अवश्य विचारले पाहिजे. कारण या परीक्षेत ‘अस्थैर्य’ म्हणून जे गुण कापले जातात, त्यांत लोकांनी काढलेल्या मोर्चांचा आणि निदर्शनांचाही हिशेब असतो.

या विद्येचा उगम पाहणे उद्बोधक आहे. १९९१ मध्ये सोमालियातील सियाद बारे यांची राजवट कोसळली आणि त्याच वर्षी युगोस्लाव्हिया फुटू लागला. शीतयुद्ध संपल्यावर अमेरिकेतील धोरणकर्त्यांपुढे हा नवा प्रश्न उभा राहिला. १९९२-९३ च्या हिवाळ्यात ‘फॉरिन पॉलिसी’ या नियतकालिकात हेल्मन व रॅटनर या दोन लेखकांनी ‘अपयशी राष्ट्रां’ची संकल्पना मांडली आणि अशा राष्ट्रांना संयुक्त राष्ट्रसंघाच्या पालकत्वाखाली ठेवण्याची कल्पनाही सुचविली. १९९४ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांच्या सूचनेवरून आणि अमेरिकन गुप्तहेर खात्याच्या पैशाने अभ्यासकांचा एक गट नेमला गेला. कोणते राज्य कोलमडेल हे आगाऊ कळावे, हे त्याचे काम. पुढे २००५ पासून वॉशिंग्टनच्या ‘फंड फॉर पीस’ या संस्थेने जगातील देशांचा वार्षिक निर्देशांक प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्याचे मूळ नाव ‘अपयशी राज्यांचा निर्देशांक’. हा शब्द अपमानास्पद आहे अशी टीका झाली तेव्हा २०१४ मध्ये ‘अपयशी’ जाऊन ‘नाजूक’ हा शब्द आला.

या निर्देशांकाची रचना समजण्यास अवघड नाही. सुरक्षा यंत्रणा, सत्ताधारी वर्गातील फूट, समूहांमधील वैरभाव, आर्थिक घसरण, विषम विकास, देशत्याग, राज्याची अधिमान्यता, सार्वजनिक सेवा, मानवी हक्क, लोकसंख्येचा ताण, निर्वासित आणि बाह्य हस्तक्षेप अशा बारा बाबी. प्रत्येक बाबीला शून्य ते दहा गुण. एकूण १२०. गुण जितके अधिक तितका देश नाजूक. हे गुण देण्यासाठी लक्षावधी लेख व अहवाल यंत्राच्या साहाय्याने चाळले जातात, त्यांना सांख्यिकीची जोड दिली जाते आणि अखेरीस तज्ज्ञ ते तपासतात.

पहिला आक्षेप येथेच संभवतो. डॉक्टरने रोग्याची नाडी, ताप आणि वजन मोजावे हे योग्यच. पण या तिन्हींची बेरीज करून रोग्याला एकच आकडा सांगणारा डॉक्टर कोणाला विश्वासार्ह वाटेल? एका देशात रस्ते व इस्पितळे उत्तम आहेत, पण तुरुंग भरलेले आहेत. दुसऱ्यात रस्ते उखडलेले आहेत, पण माणसे निर्भयपणे बोलतात. बेरजेत दोघांना सत्तर-सत्तर गुण मिळू शकतात. वस्तुतः या दोन देशांची प्रकृती, त्यांचे भवितव्य आणि त्यांना हवे असलेले उपचार सर्वस्वी भिन्न असतात. बेरजेने हा भेद पुसून टाकला जातो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. छापून येणाऱ्या मजकुरावरून गुण ठरू लागले की जेथे गलबला अधिक तेथे नाजूकपणा अधिक, असे दिसू लागते. आणि जेथे तोंडे बांधलेली आहेत तेथे सारे क्षेमकुशल वाटते. २०१० च्या यादीत १७७ देश होते. नाजूकपणाच्या क्रमाने लावलेल्या त्या यादीत ट्युनिशिया आणि लिबिया पहिल्या शंभरांतही नव्हते. त्याच वर्षीच्या १७ डिसेंबरला सिदी बूझिद या गावात मोहम्मद बुअझिझी नावाच्या भाजीविक्रेत्या तरुणाने, माल जप्त झाल्यावर आणि दाद न मिळाल्यावर, स्वतःला पेटवून घेतले. १४ जानेवारी २०११ रोजी तेवीस वर्षे सत्तेवर असलेले बेन अली देश सोडून पळाले. फेब्रुवारीत लिबियात वणवा पेटला.

ट्युनिशियाचे आकडे तोवर वाईट नव्हते. राष्ट्रीय उत्पन्न वाढत होते आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने त्या देशाच्या अर्थव्यवस्थापनाची वाखाणणी केली होती. बेन अली गेल्यानंतर, २०१४ मध्ये, जागतिक बँकेच्या संशोधकांनी जे उघड केले ते असे की राष्ट्राध्यक्षांच्या गोतावळ्याशी निगडित सुमारे २२० कंपन्या देशातील खाजगी क्षेत्राच्या एकूण नफ्यापैकी २१ टक्के नफा गिळंकृत करीत होत्या. परवाने आणि निर्बंध यांची कुंपणे त्यांच्यासाठीच उभारलेली होती. भाजीच्या हातगाडीला जागा नव्हती, ती या कुंपणामुळे. राजवट उभी असताना हे सत्य ‘स्थिर’ या एका शब्दाखाली झाकून राहिले.

सत्ताधीशांना आपल्या स्थैर्याविषयी असा भ्रम व्हावा, हे नवे नाही. ३१ डिसेंबर १९७७ च्या रात्री तेहरान येथील मेजवानीत अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी शहाच्या इराणचे वर्णन ‘स्थैर्याचे बेट’ असे केले. १६ जानेवारी १९७९ रोजी शहा परागंदा झाला. ऑक्टोबर २०१९ मध्ये चिलीचे अध्यक्ष पिन्येरा यांनी आपला देश अशांत लॅटिन अमेरिकेतील ‘मरूद्यान’ असल्याचे सांगितले. पंधरवडाही उलटला नाही तोच मेट्रोचे भाडे तीस पेसोंनी वाढल्याचे निमित्त होऊन सांतियागोच्या रस्त्यांवर उद्रेक झाला. लोक म्हणत होते, प्रश्न तीस पेसोंचा नाही, तीस वर्षांचा आहे.

भारतीय अनुभव तर याहून बोलका आहे. १९६७ च्या सार्वत्रिक निवडणुकीच्या तोंडावर लंडनच्या ‘टाइम्स’चे दिल्लीतील प्रतिनिधी नेव्हिल मॅक्सवेल यांनी भारतीय लोकशाहीचे विघटन होत असल्याची आणि ही निवडणूक अखेरचीच ठरणार असल्याची भाकिते केली. प्रत्यक्षात त्या निवडणुकीत अनेक राज्यांत काँग्रेसचे बहुमत गेले आणि बिगर-काँग्रेस सरकारे अधिकारावर आली. ज्या गोंधळाला ते विघटन समजत होते, तो मतदाराच्या जागृतीचा आवाज होता.

आता १९७४ आणि १९७६ ही दोन वर्षे शेजारी ठेवून पाहावीत. १९७४ च्या फेब्रुवारीत विद्यार्थ्यांच्या नवनिर्माण आंदोलनापुढे गुजरातच्या मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. बिहारमध्ये जयप्रकाशजींच्या नेतृत्वाखाली आंदोलन उसळले. मे महिन्यात रेल्वे कामगारांच्या संपाने देश हादरला. त्या वर्षी असा निर्देशांक निघाला असता तर भारत खचितच धोक्याच्या रकान्यात गेला असता. १९७६ मध्ये काय दिसले असते? संप थंडावलेले, वृत्तपत्रांवर नियंत्रण, नेते व कार्यकर्ते स्थानबद्ध. मानवी हक्कांच्या रकान्यात गुण बिघडले असते हे खरे. पण इतर रकान्यांतील ‘सुधारणे’ने ती तूट भरून निघण्याचा संभव होता. मार्च १९७७ मध्ये मतपेटी उघडली आणि ते स्थैर्य किती वरवरचे होते हे साऱ्या जगाला कळले. रायबरेलीत खुद्द पंतप्रधान पराभूत झाल्या. तेव्हा देश खरा भक्कम केव्हा होता: मोर्चांनी गजबजलेला १९७४ चा, की तुरुंगांनी गप्प केलेला १९७६ चा? या प्रश्नाचे उत्तर ज्या मापाला देता येत नाही, त्या मापाने स्थैर्य नव्हे, स्तब्धता मोजली जाते.

तथापि मापनच व्यर्थ आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. १९९४ मध्ये नेमलेल्या गटाच्या कामातूनच एक महत्त्वाचा निष्कर्ष निघाला. शेकडो आकडे तपासून पाहिल्यानंतर त्या अभ्यासकांना राज्य कोलमडण्याच्या संभवाशी सर्वांत निकटचा संबंध ज्या मोजक्या बाबींचा आढळला, त्यांतील एक होती बालमृत्यूचे प्रमाण. सैन्याची संख्या नव्हे, शेअर बाजाराची उसळी नव्हे. जन्मलेले मूल वर्षभर जगते की नाही, ही बाब. मुलाच्या जगण्यात पिण्याचे पाणी, आईचे शिक्षण, दाईची उपलब्धता आणि घरातील धान्याची कणगी या साऱ्यांचे प्रतिबिंब पडते, म्हणून तो आकडा इतका बोलका. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या गटाच्या प्रबंधात चार बाबी पुढे आल्या: राज्यपद्धतीचे स्वरूप, बालमृत्यू, शेजारी देशांतील संघर्ष आणि शासनाकडून एखाद्या समूहाविरुद्ध होणारा पक्षपात. यांच्या आधारे दोन वर्षे आधी ऐंशी टक्क्यांहून अधिक अचूकतेने भाकीत करता येते, असा अभ्यासकांचा दावा होता.

ऐंशी टक्के अचूकता ऐकून कोणीही प्रभावित होईल. पण साधा अंकगणिती हिशेब करून पाहावा. समजा, जगात १६० देश आहेत आणि एखाद्या वर्षी त्यांपैकी पाचच देशांवर खरे संकट येणार आहे. ऐंशी टक्के अचूक असलेले माप त्यांतील चार ओळखील. उरलेल्या १५५ सुस्थिर देशांपैकी वीस टक्क्यांना, म्हणजे ३१ देशांना, ते चुकीने धोक्याचा शिक्का मारील. एकूण ३५ शिक्क्यांपैकी खरे चारच. दर नवांत जेमतेम एक. शिक्का बसलेल्या इतर ३१ देशांचे काय होते? भांडवल काढता पाय घेते, कर्जाचा व्याजदर चढतो, व्याज भागविण्यासाठी इस्पितळे व शाळा यांवरील खर्चाला कात्री लागते. नाजूक नसलेला देश नाजूक म्हणवला गेल्याने नाजूक होऊ लागतो. हवामानाच्या अंदाजाने पाऊस पडत नाही; राज्यांविषयीच्या अंदाजाने मात्र कधीकधी संकट ओढवते.

आणखी एक बाब नजरेआड करता येत नाही. २००८ ते २०१३ अशी सलग सहा वर्षे सोमालिया यादीत सर्वांत नाजूक राष्ट्र म्हणून अग्रस्थानी होते. त्या देशाला शस्त्रांनी भरून टाकले कोणी? सियाद बारे यांना १९७७ पर्यंत सोव्हिएत संघाने शस्त्रे पुरविली आणि ओगाडेनच्या युद्धात सोव्हिएत संघ इथिओपियाच्या बाजूस गेल्यावर अमेरिका त्यांच्या मदतीस आली. २००७ च्या यादीत इराक दुसऱ्या क्रमांकावर होता. त्यापूर्वी चारच वर्षे, २००३ मध्ये, अमेरिका व ब्रिटन यांच्या फौजांनी त्या देशावर आक्रमण केले होते आणि परकीय प्रशासनाने इराकचे संपूर्ण सैन्य एका हुकुमाने बरखास्त केले होते. निर्देशांकात ‘बाह्य हस्तक्षेप’ हा रकाना आहे, हे मान्य. पण त्या रकान्यातील गुण हस्तक्षेप सोसणाऱ्याच्या खात्यावर मांडले जातात, करणाऱ्याच्या नव्हे. घर फोडणाऱ्याचा उल्लेख नाही आणि घरमालकाचे दार कच्चे म्हणून त्यालाच दंड, असा हा न्याय आहे.

ज्यांच्यावर हे शिक्के बसले ते देश मुकाट राहिलेले नाहीत. २०१० मध्ये तिमोर-लेस्तेच्या दिली या राजधानीत अशा काही देशांनी ‘जी-७ प्लस’ नावाचा गट स्थापन केला. इंडोनेशियाच्या दीर्घ ताब्यातून मुक्त होऊन २००२ मध्ये स्वतंत्र झालेल्या या छोट्या देशाने यात पुढाकार घ्यावा, हे अर्थपूर्ण आहे. २०११ च्या अखेरीस बुसान येथील परिषदेत या गटाने मदत देणाऱ्या देशांकडून एक करार मान्य करून घेतला. सर्वसमावेशक राजकारण, सुरक्षितता, न्याय, रोजगाराचा पाया आणि महसूल व सेवा ही पाच उद्दिष्टे त्यात ठरली, आणि आपल्या दुबळेपणाची तपासणी प्रथम त्या त्या देशाने स्वतः करावी हे तत्त्व स्वीकारले गेले. मदत देणाऱ्यांनी हा शब्द पुरता पाळला असे म्हणता येत नाही. तरीही मोजपट्टी परक्या हातातून आपल्या हाती घेण्याचा हा प्रयत्न मोलाचा आहे. मात्र देशाने स्वतः मोजायचे म्हणजे केवळ सरकारने मोजायचे, असा अर्थ झाला तर पुन्हा बेन अलींचेच आकडे हाती येतील. मोजणाऱ्यांत कामगार संघटना, शेतमजूर, स्त्रिया आणि अल्पसंख्य समूह असले पाहिजेत.

खऱ्या स्थैर्याची कसोटी असंतोषाच्या अभावात नसते; असंतोषाला वाट मिळते की नाही यात असते. ट्युनिशियातील मध्यवर्ती कामगार संघटनेने २०१३ मध्ये अन्य तीन संस्थांसह राजकीय पक्षांना एकत्र बसविले आणि देश यादवीच्या काठावरून मागे आणला. या चौघांना २०१५ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. जुलै २०२१ मध्ये तेथील अध्यक्षांनी संसद स्थगित केली आणि कमावलेले बरेचसे गमावले गेले. चिलीत रस्त्यावरचा उद्रेक मतपेटीकडे वळला. २०२० च्या ऑक्टोबरात सुमारे ७८ टक्के मतदारांनी नव्या राज्यघटनेच्या बाजूने कौल दिला आणि पुढे २०२२ व २०२३ मध्ये दोन मसुदे नाकारलेही. घटना बदलली नाही, पण देश मोडलाही नाही. लोकांना ‘हो’ म्हणता आले आणि दोनदा ‘नाही’ही म्हणता आले.

तेव्हा यापुढे एखादी यादी वृत्तपत्रात झळकेल त्या वेळी कार्यकर्त्याने क्रमांकावरून हर्ष वा खेद न करता त्यामागचे रकाने तपासावेत. या देशात मुले जगतात काय? सरकार रक्त न सांडता बदलता येते काय? एखाद्या समूहाला शासनच परके मानते काय? आणि दुखण्यात बाहेरच्यांचा वाटा किती? या प्रश्नांची उत्तरे एका आकड्यात मावणारी नाहीत. ती खेडोपाडी, वस्त्या-वस्त्यांत हिंडूनच मिळतात, आणि ते काम कार्यकर्त्यांनाच करावे लागणार आहे.