पीक राहिले, माणसे गेली
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



शेतकी कॉलेजात आम्हाला अमेरिकेची शेती शिकवली. ट्रॅक्टर किती अश्वशक्तीचा, गव्हाचा उतारा किती, सगळे पाठ करून घेतले. त्या शेतावर माणसे किती उरली, हा प्रश्न परीक्षेला कधी आला नाही. आज तेवढेच सांगणार आहोत.

कॅनडाला लागून नॉर्थ डाकोटा नावाचे राज्य आहे. सपाट माळ. पाऊस पंधरा ते वीस इंच, म्हणजे आपल्यापेक्षाही कमी. मूळच्या आदिवासींना हुसकून सरकारने ही जमीन मोकळी केली आणि १८६२ च्या कायद्याने जवळजवळ फुकट वाटली: पाच वर्षे राहा, कसा, १६० एकरांचे मालक व्हा. नॉर्वेचे लोक आले, रशियात राहिलेले जर्मन आले. त्यातले पुष्कळ लुथरन, म्हणजे पोपशी भांडून वेगळ्या झालेल्या मार्टिन लुथरच्या पंथाचे ख्रिस्ती. वर्गणी काढून त्यांनी माळावर लाकडी चर्च बांधली, शेजारी दफनभूमी. चर्च म्हणजे त्यांचा पार आणि देऊळ एकच. बारसे, लग्न, मयत तिथेच. बायकांचे मंडळ जेवणावळी घालून पैसा उभा करी. क्षारात भिजवलेल्या सुक्या माशाची नॉर्वेजियन जेवणे अजूनही होतात. वास म्हणे सगळ्या गावाला कळतो!

१६० एकर ऐकून आपल्याला हेवा वाटेल. पण त्या पावसात तेवढ्यावर घर चालेना. शेतकरी काही गप्प बसले नाहीत. १९१५ साली त्यांनी नॉनपार्टिझन लीग काढली, राज्याची सत्ता घेतली, १९१९ ला राज्याची स्वतःची बँक आणि १९२२ ला पिठाची गिरणी उभी केली. दोन्ही आजही चालू आहेत. तरी १९३० नंतरच्या दुष्काळाने आणि पडलेल्या भावाने लोक निघाले. मग यंत्रे मोठी झाली. ज्याला परवडेना त्याने विकले, शेजाऱ्याने घेतले. आज तिथले सरासरी शेत दीड हजार एकरांचे आहे. गहू पिकतोच आहे. शेरिडन नावाच्या काउंटीत १९३० ला सात हजारांवर माणसे होती, २०२० च्या शिरगणतीत १,२६५. राज्याच्या पश्चिमेला तेल निघाले, २००८ नंतर राज्याची लोकसंख्या वाढली. शेरिडनची नाही.

आधी शाळा जाते, दुकान जाते. चर्च बहुधा शेवटी. पाद्र्याचा पगार झेपत नाही म्हणून दोन-तीन गावांत मिळून एक पाद्री. रविवारी तो एका गावाहून दुसऱ्या गावाला मोटार पळवतो. तेही झेपेना की उरलेले सभासद बसून मतदान करतात. शेवटच्या प्रार्थनेला बाहेरगावची मुले येतात, त्या दिवशी बाक भरतात. मग इमारत विकतात, कुठे उचलून नेतात, कुठे पाडतात. दफनभूमी हलवता येत नाही. तिचे गवत कापायला कुणीतरी येत राहतो.

अमेरिकेच्या शहरांतही लोक चर्चला जाईनासे झाले आहेत, ते दुखणे वेगळे. माळावरचे बाक मुख्यतः बसणारे घर विकून गेले म्हणून रिकामे आहेत.

आपल्याकडे जमीन वाटण्यांनी लहान होते, तिकडे एकत्र होऊन मोठी झाली. पोरगे दोन्हीकडचे शहरात. पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने एक आकडा आणावा: गेल्या सप्ताहाच्या पंगतीत वाढायला तरणी पोरे किती होती, आणि दहा वर्षांपूर्वी किती.