सुक्या मिरचीचे विंदालू

नाताळाला आठ-दहा दिवस उरले, की बार्देश आणि सासष्टी या तालुक्यांतील ख्रिस्ती घरांच्या मागील दारी एक वास दरवळू लागतो. तो नाकाला झोंबतो, डोळ्यांत पाणी आणतो आणि तरीही येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाऊल क्षणभर थांबवितो. शिरक्यात भिजलेली लाल मिरची रगड्यावर वाटली जात असल्याची ती वर्दी होय. या वाटणात डुकराचे मांस मुरवून जे कालवण सिद्ध होते, त्याला विंदालू म्हणतात.

या नावाने पुष्कळांची फसगत केली आहे. शेवटचे ‘आलू’ ऐकून उत्तरेकडील खाणावळींनी आणि त्यांच्या पाठोपाठ इंग्लंडातील हिंदी उपाहारगृहांनी या पदार्थात बेधडक बटाटे घातले. वास्तविक या शब्दाशी बटाट्याचा काडीचाही संबंध नाही. मूळ पोर्तुगीज नाव ‘विन्या द आल्युश’ असे असून त्यातील ‘आल्यु’ म्हणजे लसूण. द्राक्षाची दारू किंवा तिचा शिरका, लसूण आणि मीठ यांत मांस मुरवत ठेवण्याची ती युक्ती होती. मदैरा बेटावर नाताळात हा पदार्थ अजून होतो. तेथून दक्षिण अमेरिकेतील गयानात गेलेल्या पोर्तुगीज मजुरांनी तो तिकडेही नेला, आणि तेथेही तो नाताळच्या सकाळचाच पदार्थ ठरला. त्या दोन्ही ठिकाणच्या मांसाला गोव्याचा लालभडक रंग मात्र नाही.

तो रंग मिरचीचा. १४९२ साली कोलंबस अमेरिकेत पोहोचला, त्यापूर्वी भारतात कोणी मिरची पाहिलेली नव्हती. तिखटाची हौस मिरी, पिंपळी आणि आले यांवर भागत असे. १५१० मध्ये आफोन्सो द आल्बुकेर्क याने गोवा घेतला, आणि त्यानंतर त्याच शतकात पोर्तुगीज गलबतांतून मिरचीने या किनाऱ्यावर पाय ठेवला. आपल्या लोकांनी तिला नवे नाव देण्याचे श्रमही घेतले नाहीत. मिरीवरून मिरची केली आणि ती जणू आपल्याच परसात उगवली होती असे मानून मोकळे झाले! विंदालूचा इतिहास एका वाक्यात सांगावयाचा तर असा: लसूण-शिरक्याची रीत पोर्तुगालची, मिरची अमेरिकेची, आंबटपणा गोव्याच्या माडाचा, आणि या तिघांना एकत्र आणणारा हात येथल्या गृहिणीचा.

मिरची निवडतानाच अर्धा पदार्थ साधतो किंवा बिघडतो. विंदालू म्हणजे जिभेला चटका, ही समजूत गोव्याबाहेरची आहे. येथे रंग गडद आणि तिखटपणा बेताचा हवा. हावेरी जिल्ह्यातील ब्याडगीची सुरकुतलेली, काळसर लाल मिरची त्यासाठी उत्तम. बेळगावच्या बाजारात ती सहज मिळते. काश्मिरी या नावाने विकली जाणारीही चालते. काणकोण तालुक्यातील खोला गावच्या डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर पिकणारी खोल्याची मिरची ज्याला मिळेल त्याने भाग्य समजावे. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. मात्र मिरची अख्खीच घ्यावी. २००३ साली भारतातून युरोपात गेलेल्या मिरचीपुडीत सुदान नावाचा कारखानी रंग सापडला आणि मोठा गहजब झाला. अख्ख्या मिरचीत अशी लबाडी करणे कठीण, आणि केलीच तरी भिजवलेले पाणी ती उघडी पाडते.

एक किलो मांसाला पंधरा-सोळा ब्याडगी मिरच्या पुरतात. त्यांना तासभर ऊन दाखवावे, देठ काढावेत आणि पोट फाडून बिया झटकाव्यात. तिखटपणा बियांत असतो असे सर्रास सांगितले जाते, पण ते पूर्णांशाने खरे नाही. तो असतो बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतल्या फिकट शिरेत. बियांना तो शेजाराने लागतो. घरात लहान मुले जेवणार असतील तर ती शीर खरवडून काढावी. रंग सालीत असल्यामुळे त्याने रंगाचे काही नुकसान होत नाही.

आता शिरका. गोव्यात हिंदू घरी आंबटासाठी आमसूल, चिंच किंवा बिंबल वापरतात, तर ख्रिस्ती घरी माडाच्या सुरेचा शिरका. रेंदेर दिवसातून तीनदा माडावर चढतो. सकाळी व सायंकाळी सूर उतरविण्यासाठी, आणि दुपारी पोय तासण्यासाठी. ताजी सूर गोड असते. काही तासांतच ती फसफसते, साखरेचे मद्य होते, आणि बरणीत काही आठवडे राहिली की हवेच्या संगतीने त्या मद्याचे आम्ल बनते. या शिरक्याचा आंबटपणा गोलसर असतो, जिभेवर ओरखडा काढीत नाही. बाजारातील पांढऱ्या, पाण्यासारख्या बाटलीत बहुधा कारखान्यातील ॲसिटिक आम्लात पाणी मिसळलेले असते. बाटलीवर ‘सिंथेटिक’ असे लिहिलेले असते, पण वाचतो कोण? त्याने मांस मुरते हे खरे, परंतु पदार्थाला औषधी दर्प येतो आणि मग सर्व दोष बिचाऱ्या मिरचीवर जातो.

खरी अडचण येथेच आहे. मिरची हाटात मिळते, मांस मिळते, वाटणाला यंत्र मिळते. रेंदेर मात्र वर्षागणिक कमी होत आहेत. पावसाळ्यात निसरड्या खोडावर तीनदा चढणाऱ्या बापाने आपल्या मुलाला त्याच खोडावर चढविण्याऐवजी शाळेत किंवा आखातात धाडले, तर त्याला नावे कोणी ठेवावीत? पण माड तासावयाचा थांबला की शिरकाही थांबतो. बडोद्यास राहणाऱ्या गोमंतकीय कुटुंबाची अवस्था तर याहून बिकट. गुजरातेत दारूबंदी असल्याने तेथे माडीची आशाच नको. मे महिन्याच्या सुट्टीवरून परतताना ट्रंकेत कपड्यांच्या घडीत एक बाटली जपून आणावी, आणि ती नाताळापर्यंत पुरवावी. ती संपल्यास उसाचा किंवा जांभळाचा शिरका घ्यावा. चव वेगळी येते, पण पदार्थाची जात राहते.

या शिरक्याच्या अर्ध्या वाटीत मिरच्या अर्धा तास भिजत घालाव्यात. मग त्यांत पंधरा पाकळ्या लसूण, बोटाच्या पेराएवढे आले, एक चमचा जिरे, दहा-बारा मिरी, पाच-सहा लवंगा, दालचिनीचा एक तुकडा व अर्धा चमचा हळद घालून गंधासारखे वाटावे. वाटताना पाण्याचा थेंब घालू नये, लागला तर शिरकाच घालावा. हा केवळ चवीचा हट्ट नव्हे. पाणी शिरले की वाटण आणि मांस दोन्ही लवकर नासतात, आणि जुन्या काळी हा सारा खटाटोप टिकाऊपणासाठीच होता.

मांस चरबीसह घ्यावे. चरबी कापून टाकणाऱ्याने विंदालू न केलेलेच बरे, कारण मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो आणि मग सगळीकडे सारखा पसरतो. इंच-दीड इंचाचे तुकडे मीठ व वाटण चोळून रात्रभर मुरू द्यावेत. भांडे मातीचे, काचेचे किंवा चिनी मातीचे असावे. कल्हई उडालेल्या पितळेत किंवा तांब्यात आंबट ठेवणे म्हणजे विष ठेवणे.

दुसऱ्या दिवशी थोड्या तेलावर दोन कांदे परतून त्यावर मांस घालावे, झाकण ठेवावे आणि आच मंद करावी. मांसाचे पाणी सुटते, त्यातच ते शिजते. कमी पडल्यास उकळते पाणी थोडे घालावे. दीड तास घाई करू नये. डुकराच्या मांसात पट्टकृमीचे कोष असू शकतात. ते नीट शिजविल्याने मरतात, म्हणून आत गुलाबी राहिलेला तुकडा पानात वाढणे हा अक्षम्य आळस समजावा. वर तांबडा तवंग आला, की चिमूटभर साखर किंवा गूळ घालून भांडे उतरवावे.

आणि त्या दिवशी खाऊ नये! पाहुणे दारात असले तरी खाऊ नये. पहिल्या दिवशी शिरका, मिरची आणि मांस आपापल्या जागी वेगवेगळे बसलेले असतात. दुसऱ्या दिवशी त्यांची ओळख होते, तिसऱ्या दिवशी कोण कोणते हे सांगता येत नाही. पूर्वी चरबीच्या थराखाली हे कालवण रोज एक उकळी देऊन आठवडाभर चुलीशेजारी राहत असे. आता शीतपेटी असताना तो धोका पत्करण्याचे कारण नाही, उकळी मात्र चुकवू नये. नाताळच्या दुपारी ते सुरेनेच फुगविलेल्या पांढऱ्याशुभ्र सान्नांबरोबर वाढतात. भांड्याच्या तळाशी उरलेले चार चमचे चौथ्या दिवशी उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर कोणाच्या वाट्याला यावेत, यावरून घरोघर भांडणे होतात.