एका वर्षास एकच दोष



नववर्षारंभी आपण वहीत दहा-दहा संकल्प उतरवितो, आणि राखेचा बुधवार येण्यापूर्वीच ती वही कोठे पडली हेही आपणांस स्मरत नाही. संकल्प पुष्कळ आणि मोजदाद मुळीच नाही, हेच त्याचे कारण होय, असे आम्हांस वाटते.

१५२१ साली पाम्पलोना येथे तोफगोळ्याने जखमी झालेले संत इग्नाशियस लोयोला हे मूळचे शिपाईगडी. त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ ह्या ग्रंथास पोप तिसरे पॉल ह्यांनी १५४८ साली मान्यता दिली. त्यातील रीत मात्र एखाद्या हिशेबनिसास शोभावी अशी आहे. एका वेळी एकच दोष निवडावा. सकाळी उठताच त्याविषयी सावध राहण्याचा निश्चय करावा. दिवसाला दोन रेघा आखून, दुपारच्या व रात्रीच्या जेवणानंतर, दोष जितक्यांदा घडला तितके ठिपके त्यांवर मांडावेत. आज कालशी आणि हा आठवडा गेल्या आठवड्याशी ताडून पाहावा. दोष घडताक्षणी छातीवर हात ठेवावा. चारचौघांतही ते कोणाच्या ध्यानी येत नाही, हे सांगावयासही ते विसरले नाहीत!

आम्हां रावेतकरांस ही रीत फार उपयोगाची आहे. चिंचवड-चाकणच्या कारखान्यांतून पाळी संपवून परतणारा मनुष्य वरिष्ठांपुढे गिळलेला शब्द पुष्कळदा घरच्या उंबरठ्यावर बायकामुलांवर ओकतो. ‘शांत राहीन’ हा संकल्प त्यास आवरीत नाही; आजचे पाच ठिपके कदाचित आवरतील. रात्रपाळीवाल्यांनी जागे होताच, डबा खाल्ल्यावर व निजण्यापूर्वी, असा क्रम धरावा. दोष कोणता निवडावा हे सुचत नसल्यास घरच्या मंडळींस विचारावे. त्यांस फार वेळ लागणार नाही.